दर खिशात, कस दगडावर

यवतमाळ जिल्ह्यात मृग लागायच्या आधी घरातलं सोनं बाहेर निघतं. करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं मारेगाव घ्या. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिकं. बियाणं, खत आणि मजुरीला पैसा लागतो जूनमध्ये, आणि कापसाचा पैसा हाती येतो दिवाळीच्या आगेमागे. मधले महिने काढायला कोणी पीककर्जासाठी खेटे घालतं, तर कोणी पोत, एकदाणी, पाटल्या फडक्यात बांधून बँकेत, पतसंस्थेत नाहीतर परवानाधारक सावकाराकडे जातं. टेबलापलीकडचा माणूस दागिना हातात घेतो, न्याहाळतो, घासतो, तोलतो आणि एक आकडा सांगतो. त्या आकड्यावर त्या घराचा हंगाम ठरतो.

हल्ली टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाच्या हातातही काहीतरी असतं. सोबत आलेला मुलगा फोनवर आजचा सोन्याचा भाव काढून बसलेला असतो. त्याने मनातल्या मनात गुणाकार केलेला असतो आणि समोरून आलेला आकडा त्याच्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो. मग ‘बनवलं आपल्याला’ अशी कुजबुज सुरू होते. कधी खरोखर बनवलेलं असतं. पण बहुतेक वेळा दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. हे कसं होतं, ते समजलं की फोनकडून काय मागावं आणि काय मागू नये तेही कळतं.

आधी हे काम कोणाचं, ते पाहू. जमीन-घराचं मोल काढायला रेडी रेकनर आहे, नोंदणीकृत मूल्यांकनकार आहेत. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनी मूल्यांकनकारांचे वर्ग पाडले ते तीनच: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता. बाईच्या गळ्यातली पोत यातल्या एकाही वर्गात बसत नाही. १९५७ च्या संपत्तीकर कायद्यात दागिन्यांचे आणि कलावस्तूंचे मूल्यांकनकार नोंदवायची सोय होती. तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पात उठला, तरी त्या यादीतल्या लोकांचे अहवाल करप्रकरणांत चालत राहिले. पण असा माणूस नागपूरला सापडेल, तालुक्याच्या गावी नाही. मारेगावसारख्या ठिकाणी हे काम सराफ करतो, बँकेने नेमलेला सोनार करतो, बैलाचं काम बाजारातला जुना दलाल करतो आणि जळीत किंवा वीज पडली की तलाठी करतो. यातल्या कोणाच्याही दारावर ‘मूल्यांकनकार’ अशी पाटी नसते.

सोनारापासून सुरुवात करू, कारण त्याचं काम सगळ्यात रीतसर आहे. दागिना आला की तो आधी त्याचे भाग मनात वेगळे करतो. पोतीतले काळे मणी आणि दोरा, टॉप्समधले खडे, पोकळ गोठात भरलेली लाख, फासा, डाग दिलेली जागा. मग काळ्या दगडावर दागिन्याची एक रेघ ओढतो, शेजारी कस ठाऊक असलेल्या सळीची दुसरी रेघ, आणि दोन्हींवर आम्लाचा थेंब टाकतो. हलकं सोनं लवकर फिकं पडतं. रेघेचा रंग किती वेळ टिकतो त्यावरून तो वीस, बावीस असं बोलतो. मोठ्या गावांत आता एक्स-किरणांचं यंत्र असतं, त्याला लोक कॅरेट मीटर म्हणतात. ते काही सेकंदांत टक्केवारी सांगतं, पण पृष्ठभागाची. वरून जाड मुलामा असेल तर यंत्रही फसतं. म्हणून जाणता सोनार यंत्र असूनही एखाद्या आडबाजूला कानस मारून आतलं सोनं दगडावर घासतो.

आता मघाच्या मुलाचा गुणाकार. हिशेबाच्या सोयीसाठी चोख सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. पोत तराजूवर २४ ग्रॅम भरली. फोनवरचा भाव चोखाचा, म्हणून त्याच्या मते किंमत २,४०,०००. सोनार आधी मणी आणि दोऱ्याचे ३ ग्रॅम वजा करतो. उरले २१. दगडावर कस उतरला २० कॅरेट, म्हणजे २४ भागांत २० भाग सोनं. एकवीसला वीसने गुणून चोवीसने भागलं की चोख सोनं १७.५ ग्रॅम, आणि किंमत १,७५,०००. पासष्ट हजारांचा हा फरक कोणी खिशात घातलेला नाही. तो मण्यांमध्ये आणि तांब्यात आहे. मूळ खरेदीच्या वेळी घडणावळ दिली, वर जीएसटी दिला, तो तर कुठल्याच हिशेबात परत येत नाही.

आणि भाव तरी कोणता? एकाच वेळी चार अ‍ॅप उघडली तर चार भाव दिसतात. एकात मुंबईचा, दुसऱ्यात वायदेबाजाराचा, तिसऱ्यात ३ टक्के जीएसटी धरलेला, चौथ्यात कुठल्यातरी पेढीचा स्वतःचा. बँकांपुरता हा घोळ रिझर्व्ह बँकेने जून २०२५ च्या निर्देशांत मिटवला आहे. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनने किंवा सेबीच्या देखरेखीखालच्या वायदेबाजाराने प्रसिद्ध केलेला त्याच शुद्धतेचा भाव घ्यायचा. मागच्या ३० दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, यांतला जो कमी तो. खडे आणि घडणावळ धरायची नाही. घरगुती गरजेच्या कर्जात अडीच लाखांपर्यंत मोलाच्या ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८०, त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा. शेती किंवा धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचं प्रमाण मात्र बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. हे सगळं १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायचं होतं आणि त्यात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही येतात. गावातली पतसंस्था सहकार कायद्याखाली चालते. तिला हे निर्देश लागू नाहीत, म्हणून तिथे ‘कोणता भाव धरला?’ हा प्रश्न तोंडाने विचारावा लागतो. मुलाने फोनवर आजचा भाव दाखवत बसण्यापेक्षा महिनाभराचा आलेख उघडावा. भाव चढत असताना सरासरी मागे राहते आणि बँकेचा आकडा कमी का, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

दर सांगण्यापलीकडे फोन सोन्याच्या कामात खरा उपयोगी पडतो तो ओळख पटवायला. भारतीय मानक ब्युरोने सोन्याचं हॉलमार्किंग सुरू केलं २००० साली, पण ते ऐच्छिक होतं. २३ जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, पहिल्या टप्प्यात देशातले २५६ जिल्हे होते. त्याच वर्षी १ जुलैपासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक कोरला जाऊ लागला, तो एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून सराफाला या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ नावाचं अ‍ॅप आहे. त्यात हा क्रमांक टाकला की सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्राचं नाव, शुद्धता, तारीख आणि वस्तूचा प्रकार समोर येतो. पाहणारे बहुतेक जण शुद्धता वाचतात आणि फोन खिशात टाकतात. खरं तर शेवटची ओळ वाचायला हवी. क्रमांक खरा असतो, पण तो एका अंगठीचा उचलून दुसऱ्याच हारावर कोरलेला असू शकतो. हातात हार आणि पडद्यावर ‘अंगठी’ दिसली तर प्रश्न तिथेच सुटतो.

हा क्रमांक वाचायलाही फोनच लागतो. लेसरने कोरलेली ती अक्षरं इतकी बारीक असतात की चाळिशी लागलेल्याने भिंगाशिवाय नाद सोडावा. कॅमेरा अगदी जवळ नेला की तो धूसर होतो. हातभर लांबून झूम करावं, आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा धरावा, म्हणजे कोरलेल्या भागाची सावली पडते. तोळ्याच्या पाटलीवरचा क्रमांक असा वाचायला सराव झाला की जेमतेम मिनिट लागतं.

अडचण अशी की मारेगावच्या पेटीतलं सोनं बहुतेक २०२१ च्या आधीचं असणार. आईचं, सासूचं, तिच्या सासूचं. त्यावर फार तर गावच्या सोनाराचा छाप असतो. नियमांतही सुटी आहेत: दोन ग्रॅमच्या आतले नग, वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेले सराफ, कुंदन-पोलकीसारखं काम. अशा दागिन्यांपुढे अ‍ॅप गप्प बसतं आणि पुन्हा दगडाकडे जावं लागतं. शहरातल्या हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही आपला दागिना तपासून मिळतो. चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाला ४५ रुपये असा दर सरकारने ठरवून दिला होता. लाखभराचं कर्ज काढायच्या आधी दोनशे रुपयांचा कागद हातात असणं वाईट नाही. गावात मात्र हा खर्च लोकांना फुकटचा वाटतो आणि चुकीच्या कसापायी गेलेले दहा हजार दिसत नाहीत.

काही अ‍ॅप्सची मात्र सरळ फजिती सांगायला हवी. ‘वजनकाटा’ नावाची अ‍ॅप्स ढिगाने मिळतात. फोनमध्ये वजन मोजणारा भागच नसतो, त्यामुळे ती निव्वळ गंमत असतात. अपवाद म्हणावा तर २०१५ च्या आयफोन ६एसचा. त्याचा पडदा बोटाचा दाब ओळखायचा. त्यावर काहींनी वजनकाटा रचलाही, पण अ‍ॅपलने तसलं अ‍ॅप दुकानात घेतलं नाही, आणि तो दाब ओळखणारा पडदाही पुढे बंद झाला. दुसरा प्रकार ‘मेटल डिटेक्टर’. फोनमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक असतो. तो लोखंड, निकेल ओळखेल. सोनं चुंबकाला दाद देत नाही, म्हणून त्याच्यापुढे हे अ‍ॅप आंधळं. उलट बांगडी जवळ नेल्यावर काटा हलला तर आत लोखंड आहे एवढं नक्की कळेल, पण तेच काम जुन्या स्पीकरचं चुंबक पैशाशिवाय करतं. तिसरा प्रकार फोटोवरून कॅरेट सांगणारा. फोनचा कॅमेरा प्रत्येक उजेडात रंग स्वतःच ‘सुधारतो’. ट्यूबलाइटखाली फिकं दिसणारं सोनं दिव्याच्या उजेडात पिवळंधमक होतं. रंगावरून कस ठरवायचा तर डोळा हवा, दगड हवा, आम्ल हवं. फोटो चालत नाही.

फोनमधलं सगळ्यात साधं अ‍ॅप, म्हणजे गणकयंत्र, यापेक्षा जास्त कामाचं आहे. सोनं जड असतं ही गोष्ट मोजता येते. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यायचा. त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा. दागिना बारीक दोऱ्याने पाण्यात असा सोडायचा की पूर्ण बुडेल, पण तळाला आणि कडेला टेकणार नाही. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी दागिन्याने बाजूला सारलं. समजा पाटल्यांची जोडी कोरडी २३.४० ग्रॅम भरली आणि पाण्यात काटा १.३२ दाखवतोय. भागाकार केला की १७.७. चोख सोन्याची घनता १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ९ च्या आतबाहेर. बावीस कॅरेटचं सोनं १७.७ ते १७.८ च्या घरात बसतं, अठरा कॅरेटचं १५ ते १६ मध्ये. म्हणजे पाटल्या बावीसच्या आसपास आहेत.

आता याच प्रयोगाची मर्यादा बघा. दोऱ्याला बुडबुडा चिकटला आणि काटा १.३२ ऐवजी १.३४ दिसला, तर उत्तर १७.५ वर येतं. थोडा घोटाळा, पण चालण्याजोगा. हेच तीन ग्रॅमच्या अंगठीवर केलं तर पाणी सरतं जेमतेम ०.१७ ग्रॅम. तिथे ०.०२ ची चूक झाली की बावीस कॅरेटचं सोनं अठराचं दिसू लागतं. पोकळ दागिना, लाख भरलेला गोठ, मणी ओवलेली पोत यांना ही पद्धत लागूच नाही. आणि टंगस्टन नावाच्या धातूची घनता १९.२५, चोख सोन्याला जवळपास लागून. टंगस्टनवर सोन्याचं कवच चढवलेली वीट पाण्यात घालूनही पकडली जात नाही. तरी घरच्या घरी बाईला आपल्या पाटल्यांचा अंदाज घेऊन बँकेत जाता येईल, एवढी ही युक्ती पुरेशी आहे. तिथे तिने ‘माझ्या हिशेबाने बावीस आहे’ म्हटलं की समोरचा दगड जरा काळजीने घासतो.

मोल ठरवताना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न मात्र तराजूच्याही आधीचा आहे, आणि तो कुठलंच अ‍ॅप आपण होऊन विचारत नाही: मोल कशासाठी? त्याच पाटल्या तारण ठेवायच्या तर फक्त सोन्याचा भाव. विमा उतरवायचा तर तशाच नव्या घडवायला लागणारा खर्च, म्हणजे घडणावळ आणि कर धरून. भावाबहिणींत वाटणी करायची तर आज मोडल्या तर येतील तेवढे रुपये. आणि १ एप्रिल २००१ च्या आधीपासून घरात असलेलं सोनं विकून भांडवली नफ्याचा हिशेब द्यायचा असेल, तर त्या तारखेचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. चार कारणं, चार आकडे, वस्तू एकच. अमेरिकेत १९८० च्या दशकात कर्जसंस्था धडाधड बुडाल्या, त्यात फुगवलेल्या मूल्यांकनांचाही वाटा होता. त्यानंतर १९८७ मध्ये तिथे मूल्यांकनाची एकसारखी आचारसंहिता तयार झाली. तिच्यातला सातवा आणि आठवा भाग खास जंगम मालमत्तेसाठी आहे. तिथल्या मूल्यांकनकाराने अहवालात मोल कोणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेचं आणि कोणत्या प्रकारचं हे लिहायलाच हवं. आपल्याकडे वाटणीच्या वेळी होणारी निम्मी भांडणं या एका ओळीच्या अभावी होतात. एका भावाच्या डोक्यात दुकानातला भाव असतो, दुसऱ्याच्या मोडीचा.

बैलाकडे वळलं की आकडेमोड मागे पडते. बैलाचं वय दातांवरून. दुधाचे दात असतील तर आदत. अडीच वर्षांच्या आगेमागे पहिली जोडी पडून कायमचे दोन दात येतात, तो दोनदाती. मग चौदाती, सहादाती, आणि साडेचार-पाच वर्षांत आठ दात पुरे झाले की जुळला. त्यानंतर दात झिजतात आणि वय अंदाजाने सांगावं लागतं. खांदा, खूर, पाठ, चाल, वखराला शांत चालतो की मारका आहे, हे सगळं पाहून सौदा होतो. जुन्या बाजारात तो रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, म्हणजे तिसऱ्याला भाव कळू नये. दोन सारख्या बैलांची जोड एकेकाच्या दुपटीहून महाग जाते, कारण जोड जमवायलाच दोन बाजार हिंडावे लागतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली, तेव्हापासून थकलेल्या बैलाला बाजारात उरलेली किंमत जवळजवळ गेली. मोल काढणाऱ्याला हेही धरावं लागतं.

यात फोन कुठे? पुन्हा ओळखीपाशीच. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. तो ‘भारत पशुधन’ या राष्ट्रीय नोंदवहीत चढतो आणि त्यावर जनावराचं लसीकरण, उपचार, मालक यांची नोंद राहते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई झाली. बैल चोरीचा नाही, लस झालेली आहे, हे कळल्याने भावाला आधार मिळतो. पण तो वखराला कसा चालतो हे बिल्ल्यावर लिहिलेलं नसतं. छातीचा घेर आणि लांबी मोजून वजन सांगणारी अ‍ॅप्सही आहेत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०,८४० हे जुनंच सूत्र त्यांच्या पोटात असतं. १७० घेर आणि १४० लांबीचा बैल साधारण ३७३ किलोचा निघतो. दुभत्या जनावराला औषधाची मात्रा द्यायला हे उपयोगी आहे. ओढकामाच्या बैलाची किंमत किलोवर कोणी लावत नाही.

वीज पडून बैल दगावला तर या सगळ्या बारकाव्यांवर पाणी पडतं. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे ओढकामाच्या बैलाला ३२,००० रुपये, दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, वासराला २०,०००. बैल दोनदाती असो की थकलेला, आकडा तोच. याला मूल्यांकन म्हणता येणार नाही, ही मदत आहे, आणि पंचनाम्याला गेलेल्या तलाठ्याशी भावावरून वाद घालून उपयोग नसतो. तिथे भांडण होतं ते बैल तुमचाच होता का आणि तो विजेनेच मेला का यावर. म्हणून बिल्ला दिसेल असा फोटो, जागेवरच, हलवण्याआधी.

कापसाचं तसंच. घरात एका खोलीत छतापर्यंत रचलेला कापूस ही मारेगावच्या शेतकऱ्याची सगळ्यात मोठी जंगम मालमत्ता, निदान डिसेंबरपर्यंत. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता. त्याच हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी आणि विक्रीची वेळ ठरवणं सुरू केलं. वेळ फोनवर मिळते, भाव मिळतो तो केंद्रावर ओलाव्याचं यंत्र गंजीत खुपसल्यावर. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण दर, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, १२ च्या वर नकार. पहाटे दव पडलेल्या गाडीतला कापूस आणि दुपारी उन्हात हात फिरवलेला कापूस यांचा आकडा वेगळा येतो, हे कुठल्याही अनुभवी बाईला ठाऊक आहे. खेडा खरेदीला दारात आलेला व्यापारी यंत्र न लावता मुठीत दाबूनच भाव बोलतो. अशा वेळी पणन मंडळाच्या अ‍ॅपवर आसपासच्या बाजार समित्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर पाहून ठेवावेत. कमाल दर पाहून हुरळू नये. तो एखाद्या निवडक गाडीला मिळालेला असतो. आपल्या कापसाशी तुलना करायची ती सर्वसाधारण दराशी.

जुन्या ट्रॅक्टरची, मोटारसायकलची किंमत जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथे लिहिलेला आकडा विकणाऱ्याची इच्छा आहे. सौदा किती रुपयांना झाला हे तिथे कोणीच लिहीत नाही. आठ दिवसांनी तीच जाहिरात तशीच असेल तर तो भाव चालला नाही, एवढं मात्र कळतं. ‘एमपरिवहन’वर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, विमा, कर्जाचा बोजा बघावा, मग बाकीचं मेकॅनिकला विचारावं. आणि माजघरातल्या पितळी समईचा फोटो गुगल लेन्सला दाखवला की ते जगभरातल्या सारख्या दिसणाऱ्या समया दाखवतं. त्यातल्या बऱ्याच काल ओतून जुन्या केलेल्या असतात. खरोखर शंभर वर्षांहून जुनी मूर्ती घरात असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि तिची किंमत काढण्याआधी नोंदणीचं पाहावं लागतं.

या साऱ्यात फोनचं जे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते करताना लोक फारच निष्काळजी असतात: फोटोची नोंद. साध्या कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख, वेळ आणि जागा आतल्या आत लिहिलेली असते, मात्र जागेची परवानगी चालू हवी. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो आक्रसतो आणि ही आतली नोंद गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. फोटोवर अक्षांश-रेखांश छापणारी अ‍ॅप्स ग्रामपंचायतीपासून कृषी कार्यालयापर्यंत सगळीकडे चालतात. जिथे नेटवर्क नाही अशा शिवारातही अक्षांश मिळतात, कारण ते उपग्रहाकडून येतात. फक्त गावाचं नाव उमटत नाही. पण फोनची तारीख मागे-पुढे करणं पोरखेळ आहे, म्हणून नुसत्या छापावर कोर्ट-कचेरीत विसंबू नये. मूळ फाइल जपावी. चोरीच्या तपासात पोलिसांनाही आता हे बंधन आहे: १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ नावाचं अ‍ॅप आहे. जप्त झालेल्या सोन्याशी ताडून पाहायला तुमच्याकडे आधीचा फोटो नसेल तर ते चित्रीकरण तुमच्या कामाचं नाही.

दागिन्याचा फोटो काढताना तो पांढऱ्या कागदावर ठेवावा, शेजारी मोजपट्टी, एक फोटो सगळ्याचा, एक फाशाचा, एक छापाचा, एक तुटल्या-डागल्या जागेचा, आणि एक काट्यावर, वजनाचा आकडा दिसेल असा. हे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नयेत. घरात किती सोनं आहे आणि घर कुठे आहे, दोन्ही एकाच चित्रात दिल्यासारखं होतं. फोटो टाकताच कर्ज देऊ म्हणणाऱ्या अनोळखी अ‍ॅपला तर मुळीच देऊ नयेत.

बँकेत कस पाहताना कर्जदार समोर हवा, अशी रिझर्व्ह बँकेची अट आहे. वजावट कशाची आणि किती, हे त्याला समजावून सांगायचं आणि प्रमाणपत्राच्या दोन प्रती करून एक त्याच्या हाती द्यायची. तिच्यात कॅरेट, एकूण वजन, निव्वळ वजन, खडे-लाख-दोऱ्याची वजावट, मोडतोडीची नोंद, मोल आणि दागिन्याचं छायाचित्र असतं. पैसे फेडल्यावर सात कामाच्या दिवसांत सोनं परत मिळायला हवं. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सोडवताना पाकीट काउंटरवरच उघडावं, पुन्हा तोलून घ्यावं आणि फाशाचा जुना फोटो समोरच्या फाशाशी ताडून मगच सही करावी.